नगरच्या किल्ल्यातले महाराज

राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र आम्हा कोल्हापूरकरांना जवळजवळ पाठ असते. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तक आला आणि त्याचे शाहू छत्रपती झाले, हे शाळकरी पोरही सांगेल. पण दत्तक यायला गादी रिकामी व्हावी लागते. ती कशी रिकामी झाली, असे विचारले की बहुतेकांची गाडी अडते. आनंदीबाईसाहेबांचे यजमान निवर्तले होते, एवढ्यावर विषय संपतो.

ते यजमान म्हणजे कोल्हापूरच्या गादीवरचे चौथे शिवाजी महाराज. गेले तेव्हा त्यांना एकविसावे वर्ष चालू होते. मृत्यू आला तो कोल्हापुरात नव्हे, तर अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यात असताना. त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यातून ते उठले नाहीत. तारीख होती २५ डिसेंबर १८८३. नाताळचा दिवस.

मी कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे एखादी चांगली थरारकथा सुचवा, अशी फर्माईश पाहुणेमंडळींकडून होत असते. अलीकडे मागणी असते ती मनाच्या खेळांच्या गोष्टींना. खून झाला, गुप्तहेर आला, खुनी सापडला, यात आता कुणाला गंमत वाटत नाही. बंद खोली हवी, त्या खोलीत कोंडलेले माणूस हवे आणि किल्ली ज्याच्या हाती आहे त्याला त्या माणसाचा ध्यास लागलेला हवा. इंग्रजीत या प्रकाराचे नाव निघाले की जॉन फाउल्सची १९६३ सालची ‘द कलेक्टर’ पुढे येते. फुलपाखरे जमवणारा एक साधा कारकून एका मुलीला पळवून तळघरात ठेवतो. (तो कारकून आहे हे वाचून आम्हा बँकवाल्यांना उगीचच अवघडल्यासारखे होते.) स्टीफन किंगच्या ‘मिझरी’त लेखकच कैदी आहे आणि त्याच्या कादंबऱ्यांची वेडी चाहती त्याची जेलर आहे. त्याच्याही आधी, १८६० च्या सुमारास, विल्की कॉलिन्सने ‘द वुमन इन व्हाइट’मध्ये शहाण्या बाईला वेडी ठरवून वेड्यांच्या इस्पितळात डांबण्याचा डाव रंगवला होता.

या सगळ्या पुस्तकांत एक गोष्ट सारखी आहे. कोंडलेल्या माणसाची बाजू वाचकाला कळते. फाउल्सच्या कादंबरीतली मुलगी डायरी लिहिते आणि अर्धे पुस्तक त्या डायरीचे आहे. किंगचा लेखक तर खोलीत बसून अख्खी कादंबरीच लिहितो. नगरच्या किल्ल्यातली गोष्ट मला या सगळ्यांपेक्षा अंगावर येणारी वाटते, ती याचसाठी. तिथे किल्लीवाल्यांचे कागद भरपूर आहेत. कोंडलेल्याचा कागद नाही.

आता जरा मागे जावे लागेल, कारण ही गोष्ट एकट्या शिवाजी महाराजांची नाही. सत्तावन्नच्या धामधुमीत कोल्हापुरातही उठाव झाला. त्या वेळचे राजे बाबासाहेब महाराज. त्यांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय होता. त्यांना पकडून थेट कराचीला नेऊन ठेवले आणि तिथेच १८६९ साली त्यांचा अंत झाला. बाबासाहेब १८६६ साली निपुत्रिक वारले. पाटणकरांच्या घरातला मुलगा दत्तक घेतला गेला, तो राजाराम. हुशार मुलगा. इंग्रजी उत्तम. १८७० साली तो विलायतेला गेला. हिंदू राजाने समुद्र ओलांडणे ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. त्याने रोजनिशी ठेवली होती आणि त्याचे शिक्षक कॅप्टन वेस्ट यांनी ती १८७२ साली छापली. पण ती छापलेली पाहायला तो नव्हता. परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी तो वारला. वय २० वर्षे. आर्नो नदीच्या संगमावर त्याला अग्नी दिला आणि आजही तिथे त्याचा अर्धपुतळा छत्रीखाली उभा आहे.

कराची, फ्लॉरेन्स आणि नगर. चौदा वर्षांत राजघराण्यातले तीन पुरुष घरापासून दूर गेले आणि तिघांनाही पंचगंगेचा काठ मिळाला नाही.

राजारामांच्या मागे पुन्हा मूल नव्हते. पुन्हा शोधाशोध झाली आणि भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतला आठ वर्षांचा मुलगा निवडला गेला. नारायणराव दिनकरराव भोसले, जन्म ५ एप्रिल १८६३. १८७१ साली दत्तकविधान झाले आणि नारायणचा शिवाजी झाला. आठव्या वर्षी मुलाचे नाव, गाव, आई-बाप, सगळे एका दिवसात बदलले. आपल्याकडे दत्तक ही इतकी सवयीची गोष्ट होती की मुलाच्या मनात काय चालले असेल, असा प्रश्न कुणी विचारत नसे. मीही एरवी विचारला नसता. पण पुढचे सगळे वाचल्यावर तो मुलगा पहिल्या रात्री वाड्यात कसा झोपला असेल, हे मनातून जात नाही.

मुलगा अज्ञान, तेव्हा कारभार इंग्रज पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली. सातबाऱ्यावर अ. पा. क. असा शेरा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे लगेच उमजेल. अज्ञान पालनकर्ता. जमीन मुलाची, सही दुसऱ्याची. बँकेत अशी कितीतरी खाती माझ्या टेबलावरून गेली. मुलगा सज्ञान झाला की जन्मतारखेचा दाखला घेऊन येतो, नव्या सहीचा नमुना देतो आणि त्या दिवशी त्याच्या तोंडावर जे काही असते ते पाहण्यासारखे असते. कोल्हापूर संस्थानच्या अख्ख्या सातबाऱ्यावर हा शेरा राजारामांच्या मृत्यूपासून शाहू महाराजांच्या हाती अधिकार येईपर्यंत, म्हणजे १८७० ते १८९४, अशी जवळजवळ चोवीस वर्षे राहिला. चौथ्या शिवाजी महाराजांचा सहीचा नमुना कधी घेतलाच गेला नाही.

पालनकर्त्यांनी मुलाकडे दुर्लक्ष केले असे मात्र कुणी म्हणू नये. उलट फार लक्ष दिले. राजाराम हा इंग्रजांच्या मनातला आदर्श संस्थानिक होऊ घातला होता. तो हातचा गेला. तेव्हा आता हा मुलगा तसा घडवायचा, असा त्यांचा ध्यास होता. साहेब शिक्षक, साहेब पालक, ठरलेल्या वेळा, ठरलेला व्यायाम. १८७५ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईला आले, तेव्हा हिऱ्यामोत्यांनी मढवलेला हा बारा वर्षांचा राजा त्यांच्या भेटीला हजर केला गेला. त्याच वर्षी बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढून मद्रासला धाडले होते. राजा कसा असावा आणि तसा नसला तर काय होते, हे दोन्ही धडे एकाच वर्षात देशापुढे मांडले गेले.

त्याच काळात कोल्हापुरात नवा राजवाडा उठत होता. १८७७ साली काम सुरू झाले. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. टाऊन हॉल त्यांचा, सी.पी.आर. रुग्णालयाची जुनी इमारत त्यांची, फ्लॉरेन्समधली राजारामांची छत्रीसुद्धा त्यांचीच. हे मँटसाहेब १८८१ साली मन बिघडलेल्या अवस्थेत वारले. आपण बांधलेले राजवाडे कोसळणार या भयाने त्यांना पछाडले होते, असे सांगतात. राजवाडा अर्थातच कोसळला नाही. पण ज्या राजासाठी तो बांधला जात होता, तो राजाही त्याच सुमारास वेडा ठरत होता. कादंबरीत असा योगायोग मी घातला असता तर संपादकांनी काट मारली असती.

महाराजांचे नेमके काय बिनसले? विशीच्या आत त्यांचे वागणे बिघडल्याचे अहवाल येऊ लागले. डॉक्टरांनी तपासले, अधिकाऱ्यांनी लिहिले. हवापालट झाला, पहारे नेमले गेले, जवळची माणसे बदलली. शेवटी निष्कर्ष निघाला की महाराज राज्य करण्यास असमर्थ आहेत. आता यात एक गोम आहे. कुणाला वेडा ठरवायचे तर कोर्टापुढे रीतसर चौकशी व्हावी, असे कायदे १८५८ सालीच झाले होते. पण ते कंपनीकडून राणीकडे आलेल्या इंग्रजी मुलखासाठी. संस्थानच्या राजाला ते कोर्ट नाही. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या सावकाराला वेडा ठरवायला न्यायाधीश लागत होता आणि छत्रपतींना वेडा ठरवायला सरकारी अहवाल पुरत होते.

ते खरोखर आजारी होते की नाही? हा प्रश्न कोल्हापुरात तेव्हापासून विचारला जातो आणि थरारकथेच्या वाचकालाही पहिला प्रश्न हाच पडेल. माझे मत विचाराल तर सगळाच आजार बनावट असावा, असे मला वाटत नाही. शाहू महाराजांचे चरित्रकारही तसे मानत नाहीत. पण आजार असेल तर त्यावर औषध म्हणून जे केले गेले, ते शहाण्यालाही वेड लागावे असे होते. चोवीस तास परक्या माणसांची नजर, आपल्या भाषेचे माणूस दूर, बायको दूर, हट्ट केला तर तो रोगाचे लक्षण आणि गप्प बसला तर तेही लक्षण. अशा वेळी रागावून हात उगारला तर त्याची नोंद वेड म्हणून होणार. पहाऱ्यातून झटापट होणार आणि झटापटीमुळे पहारा वाढणार.

हे बाहेर कळायला वेळ लागला नाही. १८८१ च्या जानेवारीत पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले होते. टिळक आणि आगरकर, दोघेही पंचविशीचे. महाराजांचा छळ होत आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असे या पत्रांनी उघड लिहिले. पुरावा म्हणून काही पत्रे हाती आली होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. खटल्यात ती पत्रे बनावट निघाली, संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार-चार महिन्यांची साधी कैद झाली. खटल्याच्या वेळी जामिनाला पुण्याचे रामशेठ बापूशेठ उरवणे उभे राहिले, तेही जोतीराव फुल्यांच्या शब्दाखातर. कोल्हापूरच्या राजासाठी पुण्यात फुले, टिळक आणि आगरकर एका बाजूला आले, असा प्रसंग पुढे फारसा दिसत नाही.

दोघे मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस होते. टिळकांना सव्विसावे वर्ष पुरे झाले तेही तिथेच. आगरकरांनी बाहेर आल्यावर या दिवसांवर पुस्तक लिहिले, ते आपल्याकडच्या तुरुंग-आठवणींत आजही वाचनीय आहे. आणि तुरुंगात असताना ते करीत काय होते? शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे भाषांतर. १८८३ साली ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. हॅम्लेट ठाऊक नाही असा नाटकवेडा मराठी माणूस नसेल: बाप गेलेला राजपुत्र, दरबारात चहूकडून पाळत आणि हा खरा वेडा की वेडाचे सोंग घेतलेला, या कोड्यात सगळे. आगरकरांनी हे नाटक कोल्हापूरच्या महाराजांमुळे निवडले असे मी म्हणणार नाही. पण ज्या राजासाठी तुरुंगात आलो, त्याची आठवण त्या कोठडीत ओळी लिहिताना झालीच नसेल, असे मानणेही मला जड जाते.

त्यांची कैद १०१ दिवसांत संपली. सुटले तेव्हा दाराशी स्वागताला लोक होते. ज्याच्यासाठी हे झाले, तो मात्र १८८२ सालीच कोल्हापुरातून हलवून नगरच्या किल्ल्यात नेला गेला होता. राज्याच्या कारभारासाठी रीजन्सी कौन्सिल नेमले गेले आणि रीजंट झाले कागलचे जयसिंगराव घाटगे. हे पुढे शाहू महाराजांचे जन्मदाते म्हणून ओळखले गेले. त्यामुळे गावात नाना कुजबुजी झाल्या. रीजंटचाच मुलगा गादीवर आला म्हटल्यावर त्या होणारच. त्यांना आधार देणारा काही पुरावा माझ्या पाहण्यात नाही आणि बनावट पत्रांनी किती घात केला, हे याच प्रकरणात आपण पाहिले.

नगरचा किल्ला पाहिला नसेल तर जरूर पाहावा. लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र दाखवून आत जाता येते. भुईकोट आहे, डोंगरावर नाही. भोवती रुंद खंदक. एका शाखातपासणीच्या निमित्ताने मी नगरला आठवडाभर होतो, तेव्हा एका दुपारी आत जाऊन आलो. १८०३ साली वेलस्लीने हा किल्ला घेतला, त्याच्या खुणा दाखवतात. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू, मौलाना आझाद वगैरे मंडळी जिथे स्थानबद्ध होती, त्या खोल्या नीट जपल्या आहेत. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथे लिहिले, आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ची पत्रे तिथे लिहिली. मी तिथल्या माणसाला चौथ्या शिवाजी महाराजांची खोली कुठली, असे विचारले. त्याने मला पुन्हा नेहरूंच्या खोलीकडेच नेले. त्याचा काही दोष नाही. तिथे टेबल आहे, खुर्ची आहे, पुस्तक आहे. दाखवायला काही तरी आहे.

राजारामांची रोजनिशी आहे, आगरकरांचे १०१ दिवस आहेत, नेहरूंचा ग्रंथ आहे. या सगळ्या कागदांच्या मधोमध वीस वर्षांचा एक मुलगा दीड-एक वर्ष त्या खंदकाच्या आत राहिला आणि त्याचे स्वतःच्या हाताचे एक पान आपल्यापुढे नाही. त्याला लिहिता येत नव्हते असे नाही; त्याच्या शिक्षणावर तर केवढा खर्च झाला होता. तिथे तो मराठीत कुणाशी बोलायचा, पन्हाळ्याची किंवा रंकाळ्याची आठवण काढायचा का, आपण राजा आहोत हे त्याला शेवटी शेवटी खरे वाटत होते का? कादंबरीकाराला अशा ठिकाणी मोह होतो. एक डायरी रचावी, गादीखाली लपवावी आणि शेवटच्या प्रकरणात ती सापडावी. मी दोनदा कागद पुढे ओढला आणि दोनदा ठेवून दिला. ज्याच्या तोंडी आयुष्यभर इतरांनीच शब्द घातले, त्याच्या तोंडी मी आणखी घालावेत, हे जिवावर आले.

शेवटच्या दिवसाबद्दल जे ठाऊक आहे ते थोडे आहे. पहाऱ्याला गोरे शिपाई होते, त्यांतला एक ग्रीन. महाराज आणि ग्रीन यांच्यात झोंबाझोंबी झाली. महाराज गेले. प्लीहा फुटली, असे कारण सांगितले गेले. हे कारण त्या काळच्या हिंदी माणसाच्या चांगलेच ओळखीचे होते. १८७६ साली आग्ऱ्याच्या फुलर नावाच्या गोऱ्या वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारले आणि तो मेला, तेव्हाही प्लीहाच फुटली होती. फुलरला शिक्षा झाली ती ३० रुपये दंडाची. व्हाइसरॉय लिटनसारख्या माणसालाही ते सहन झाले नाही आणि त्याने त्या न्यायाधीशावर ताशेरे ओढले. हिवतापाने प्लीहा वाढते आणि वाढलेली प्लीहा हलक्या धक्क्यानेही फुटू शकते, हे वैद्यकाच्या दृष्टीने खरेच आहे. पण धक्का कुणी दिला, हा प्रश्न त्याने मिटत नाही. ग्रीनवर खुनाचा ठपका आला नाही. एका साध्या शिपायाच्या आणि छत्रपतींच्या झटापटीत दोष छत्रपतींच्या वेडाला आणि त्यांच्या प्लीहेला गेला.

अंत्यसंस्कार नगरलाच झाले. त्यांची समाधीही तिथेच आहे. कोल्हापुरातून नगरला जाणारे पुष्कळ, शनीला आणि शिर्डीला जाणारे तर रोजचे. समाधीपाशी थांबणारा विरळा.

तीन महिने पुरे व्हायच्या आत आनंदीबाईसाहेबांनी दत्तक घेतला. दहा वर्षांचाही नसलेला तो मुलगा. नवा राजवाडाही त्याच १८८४ साली बांधून पुरा झाला. या खेपेला पालनकर्ते थोडे अधिक जपून वागले असावेत. मुलाला एकटे ठेवले नाही. सोबत भाऊ होता, बरोबरीची मुले होती. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवले, मग धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली. फ्रेझर मुलांना घेऊन देशभर हिंडले. मुलाच्या अंगात रग होती, घोडा आणि कुस्ती यांचे वेड होते. त्याला कुणी लक्षण म्हटले नाही. २ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांच्या हाती कारभार आला आणि चोवीस वर्षांचा अ. पा. क. सुटला. २६ जून १८९५ रोजी त्यांना २१ वर्षे पुरी झाली. त्यांच्या आधीच्या दोन्ही छत्रपतींना ते वय गाठता आले नव्हते.